अहीर, वाम आणि काचेचे घर

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची सीमा ओलांडल्यानंतर थोड्याच वेळात लोधीखेडा हे गाव लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली त्या जिल्ह्याचे सौंसर व पांढुर्णा हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. राज्याची सीमा सरकली, जिल्ह्याचे नाव बदलले. पण या भागातील घरांतली मराठी मात्र जागची हलली नाही. लोधीखेड्याजवळून जाम नदी वाहते. जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत या लहानशा गावाची नोंद झाली ती येथल्या पितळी व तांब्याच्या भांड्यांमुळे.

जाम कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत विसावते, वैनगंगा वर्धेशी एकरूप होऊन प्राणहिता म्हणवते, आणि प्राणहिता गोदावरीला आपले पाणी देऊन बंगालच्या उपसागराची वाट धरते. म्हणजे लोधीखेड्याच्या काठावर ओंजळीत घेतलेले पाणी हे अखेर समुद्राचेच पाणी होय. एका बाजूला तांब्याचा हंडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्राकडे धावणारी नदी! माणसाने ईल जातीचे सर्पाकार मासे पाळण्याचा जो उद्योग दोन हजार वर्षे चालविला आहे, त्याचे मर्म याच दोन गोष्टींत सापडते. पाणी साठविणे निराळे आणि पाणी समजणे निराळे. ज्यांना पहिली गोष्ट साधली पण दुसरी साधली नाही, त्यांच्या हाती मासा राहिला. माशाचे जीवन मात्र निसटले.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. सापासारखा लांबोडका, बुळबुळीत मासा दिसला की त्याला सरसकट ईल म्हणण्याची पद्धत पडली आहे. वस्तुतः आपल्या नद्यांत असे दोन अगदी भिन्न कुळांतले मासे राहतात. पहिला अहीर. हा खरा ईल. तो नदीत वाढतो, पण जन्मतो समुद्रात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्रातच जातो. दुसरी वाम, काही ठिकाणी तिला बामही म्हणतात. तिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि नाकाचा शेंडा मांसल व हलता असतो. ती जन्मते नदीत, वाढते नदीत आणि पावसाळ्यात वीणही नदीतच करते. समुद्राशी तिला काही कर्तव्य नसते. कोकणच्या बाजारात वाम म्हणून विकली जाते ती समुद्रातली मासळी आणखी वेगळीच; तिचा येथे संबंध नाही.

दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद ज्यांनी प्रथम नेटाने केली त्यांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत माहिती गोळा करीत फिरणाऱ्या या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात अनेक माशांना लॅटिन पोशाख चढविताना आतले नाव मराठीच ठेवले. 'कोलुस', 'रोहटी', 'सांडखोल' हे शब्द त्यामुळे जगाच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसले. अहिराला मात्र त्यांनी मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. ते टिकले नाही. त्याच माशाला ग्रे या शास्त्रज्ञाने १८३१ सालीच 'बेंगालेन्सिस' हे नाव दिलेले असल्याने शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव कायम झाले. गव्हर्नरसाहेबांचे नाव पुस्तकाच्या तळटीपेत गेले आणि नदीकाठचा अहीर अहीरच राहिला.

मासा पाळण्याची किंवा निदान त्याला राखून खाऊ घालण्याची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या स्तंभलेखात काही जातींच्या माशांना अभय दिले आहे, आणि ठराविक तिथींना मासे मारू वा विकू नयेत अशी आज्ञा केली आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना त्याने मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिले. त्यात समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असा माशांचा भेद केला असून कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे याचा तपशीलही सांगितला आहे. गळ टाकण्याची मौज हा या प्रकरणाचा हेतू असला तरी, प्रत्येक माशाची आवड निराळी असते आणि ती ओळखल्यावाचून तो जवळ येत नाही, ही जाण त्यात स्पष्ट आहे. मत्स्यपालनाचा तो पहिला धडाच होय.

पश्चिमेकडे रोमन श्रीमंतांनी याच्याही पुढची मजल मारली. समुद्रकाठच्या आपल्या हवेल्यांत त्यांनी खाऱ्या पाण्याची तळी बांधली आणि त्यांत 'मुरेना' जातीचे सर्पाकार सागरी मासे पाळले. प्लिनीने लिहून ठेवले आहे की, प्रसिद्ध वक्ता हॉर्टेन्सियस आपल्या आवडत्या मुरेनाच्या मृत्यूने रडला आणि ड्रुससची पत्नी अँटोनिया हिने आपल्या मुरेनाला कर्णभूषणे घातली. याच छंदाची काळी बाजू व्हेडियस पोलियो याच्या कथेत दिसते. एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा प्याला फुटला म्हणून त्याने त्याला मुरेनांच्या तळ्यात टाकण्याची आज्ञा दिली. भोजनाला सम्राट ऑगस्टस हजर होता. त्याने गुलामाला सोडविले, उरलेले सारे प्याले आपल्यासमोर फोडविले आणि ते तळे बुजवून टाकण्यास सांगितले. प्राण्याला अलंकार घालणारी आणि माणसाला प्राण्यापुढे टाकणारी हौस एकाच समाजात नांदत होती. या मंडळींनी मासा पाहिला तो आपल्या वैभवाचा आरसा म्हणून. तो कोठून येतो आणि त्याला काय हवे असते, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही.

तो प्रश्न विचारला विद्वानांनी. ॲरिस्टॉटलने ईल उघडून पाहिले. त्याला ना अंडी सापडली ना नर-मादी भेद. तेव्हा ईल चिखलातूनच उपजतात असा निष्कर्ष त्याने काढला, आणि दोन हजार वर्षे त्याला समाधानकारक उत्तर कोणी देऊ शकले नाही. १८७६ साली ट्रिएस्ट येथे एका विशीतल्या विद्यार्थ्याने नर ईलचे वृषण शोधण्यासाठी सुमारे चारशे ईल चिरले आणि निश्चित असे काही हाती न लागता तो परतला. पुढे मानसशास्त्रात जगप्रसिद्ध झालेला तो विद्यार्थी म्हणजे सिग्मंड फ्रॉइड.

उलगड्याची पहिली किल्ली हाती आली ती एका पाण्याच्या टाकीत. इटलीतील ग्रासी आणि कालांद्रुच्चो या संशोधकांनी मेसिनाच्या समुद्रातून आणलेला, विळ्याच्या पात्यासारखा चपटा व काचेसारखा पारदर्शक असा एक इवलासा जीव टाकीत सांभाळला. तोवर तो स्वतंत्र जातीचा मासा समजला जात होता. संशोधकांच्या डोळ्यांदेखत त्याचे शरीर आखडत गेले, गोल झाले आणि त्याचा ईल बनला. १८९६ साली हा शोध जाहीर झाला. पुढे डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून जवळजवळ दोन दशके अटलांटिक महासागर पालथा घातला. सर्वांत लहान पिल्ले कोठे मिळतात याचा माग काढीत त्यांनी १९२२ च्या सुमारास दाखवून दिले की, युरोपचा ईल हजारो मैल दूरच्या सारगासो समुद्रात जन्म घेतो. आपल्या अहिराच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासक सुमात्रा बेटाच्या पश्चिमेकडील खोल समुद्राकडे बोट दाखवितात. एखाद्या डोहात दगडाखाली दडलेला अहीर हा असा देशांतराचा प्रवासी असतो.

ज्या टाकीने हे रहस्य फोडले, तिचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. शतकानुशतके लोक मासे भांड्यात ठेवीत; पाणी नासले की मासे मरत; मग नवे मासे आणीत. १८५० साली लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका मोठ्या काचपात्रात सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पतींनी प्राणवायू पुरविला, गोगलगाईंनी कुजलेली पाने फस्त केली आणि पाणी दीर्घकाळ स्वच्छ राहिले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने 'अक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. पुढे १८७७ ते १८९० या काळात श्लोझिंग, म्युन्ट्झ आणि विनोग्रॅड्स्की यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. माशाच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया अदृश्य जंतू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलतात. काचपेटीतला खरा घरधनी मासा नसून हे जंतू होत, असे म्हटले तरी चालेल.

भारतात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ साली सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. मराठी माणसाच्या मनात मात्र मत्स्यालय म्हटले की मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालयच उभे राहते. तारापोरवाला यांच्या देणगीच्या साहाय्याने बांधलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि नूतनीकरणानंतर २०१५ साली ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. सुट्टीत मुंबई पाहण्यास आलेल्या कितीतरी मुलांनी काचेपलीकडचा समुद्र प्रथम येथेच पाहिला, आणि घरी परतल्यावर आईच्या मागे काचपेटीसाठी लकडा लावला.

अशा हौशी घरात सर्वांत आधी ज्या वस्तूला दूर ठेवले पाहिजे, ती म्हणजे तांब्याचे भांडे. लोधीखेड्याच्या कारागिरांनी घडविलेला हंडा माणसाच्या पाण्यासाठी उत्तम. तांब्याच्या संपर्काने पाण्यातले पुष्कळ रोगजंतू मरतात, हे आपल्या आजीबाईंच्या अनुभवाला आधुनिक प्रयोगांनीही दुजोरा दिला आहे. पण जो गुण माणसाला तारतो तोच माशाला मारतो. पाण्यात विरघळलेले तांबे अल्प प्रमाणातही माशाच्या कल्ल्यांना इजा करते. पाणी मऊ असेल तर हा धोका अधिक. माशांवरील परोपजीवी कीड मारण्यासाठी तांबेयुक्त औषधे विकली जातात. ती वापरताना अनुभवी लोक अहीर, वाम यांसारख्या नाजूक त्वचेच्या माशांना जपतात. तेव्हा पेटीत ओतावयाचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये. साधी प्लास्टिकची बादली बरी. पात्र कितीही शुद्ध असले तरी पाणी कोणासाठी आहे हे विचारल्यावाचून ते योग्य ठरत नाही.

आता मुख्य प्रश्न. घरातल्या काचपेटीत ईल ठेवावा काय, आणि ठेवावयाचा तर कोणता?

स्वीडनमधील ब्रांतेविक या गावची हकिकत येथे आठवते. नळाचे पाणी येण्यापूर्वी तेथे विहिरीत ईल सोडण्याची प्रथा होती. तो किडे खाई आणि पाणी निर्मळ राही. १८५९ साली सॅम्युएल निल्सन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने आपल्या विहिरीत असा एक ईल सोडला आणि तो २०१४ साली मेला, असे सांगितले जाते. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक आयुष्य! ऐकणारा थक्क होतो. पण या दीर्घायुष्याचे कारण कळले की कौतुकाची जागा करुणा घेते. खरा ईल समुद्राकडे निघतो तेव्हाच त्याचे शरीर पूर्ण वयात येते. अंडी घालून तो मरतो. ज्याला वाटच मिळाली नाही, तो निघण्याची वेळ येण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे अर्धवट वयात राहू शकतो. त्या विहिरीतले ते दीर्घ जीवन म्हणजे एक लांबत गेलेली प्रतीक्षाच होती. मनुष्याने त्याला अन्न दिले, संरक्षण दिले, एका परीने प्रेमही दिले. फक्त समुद्र देता आला नाही.

म्हणून अहीर घरात आणू नये. दीड-दोन मीटरपर्यंत वाढू शकणाऱ्या या माशाला घरातली कोणतीही पेटी पुरणार नाही. आणि पुरली तरी त्याच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय ती लिहू देणार नाही. वामेची गोष्ट वेगळी. तिचे सारे जीवन गोड्या पाण्यातच चालते. तथापि, मोठी वाम दोन-अडीच फुटांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही लांब होते. बाजारात बोटभर दिसणारे पिल्लू पुढे केवढे होईल, याचा विचार विकत घेतानाच केला पाहिजे. सामान्य घराला साजेशी जात म्हणजे तिच्याच कुळातील 'पँकॅलस' नावाची धाकटी बहीण. ती सुमारे १८ सेंटिमीटरच्या पुढे सहसा वाढत नाही, आणि तीन-चार फूट लांबीच्या पेटीत सुखाने राहते.

तिच्यासाठी पाणी तयार करावयाचे ते मासा आणण्याच्या आधी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविले पाहिजे. त्यासाठी बाजारात मिळणारे द्रव्य वापरावे, किंवा साधे क्लोरीन असल्यास पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवावे. गाळणयंत्र सुरू करून उपकारक जंतू वाढण्यास चार-सहा आठवडे द्यावेत आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणीने खात्री करून घ्यावी. पाणी फार जड नसावे, आम्लतेचा अंक साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असावा आणि उष्णता २३ ते २८ अंश सेल्सिअस राहावी. सातपुड्याच्या पायथ्याशी हिवाळ्याच्या रात्री पारा बराच खाली उतरतो. तेथे तापकाची सोय करावी. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, पण सारे पाणी एकदम कधीच बदलू नये.

तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू हवी. वाम त्यात स्वतःला पुरून घेते आणि केवळ नाकाचा शेंडा बाहेर काढून बसते. टोकदार खडी असली तर तिची कातडी सोलवटते. लपण्यासाठी मातीच्या कौलाचा तुकडा किंवा नळीचा लांबट तुकडा ठेवावा. झाकण घट्ट असावे, आणि नळ्यांसाठी ठेवलेली भोकेही बुजवावीत. ही जात रात्री बाहेर पडण्यात पटाईत असते आणि सकाळी जमिनीवर वाळलेली सापडते. खाद्य द्यावे ते दिवे मालविल्यावर. गांडुळे, रक्तअळ्या, बारीक कोळंबी हे तिचे आवडते अन्न. कोरड्या गोळ्यांकडे ती सहसा ढुंकूनही पाहत नाही.

सोबत्यांची निवड हाही जाणतेपणाचा भाग आहे. वाम भांडखोर नाही, पण तोंडात मावेल ते गिळते. गप्पीची पिल्ले आणि लहान झिंगे तिच्याबरोबर टिकणार नाहीत. उलट, हावरे किंवा दंडेली करणारे मासे तिचा घास पळवितात, आणि ती बिळात उपाशी राहून वाळत जाते. मध्यम आकाराचे, वरच्या व मधल्या थरात पोहणारे शांत स्वभावाचे दंडवण मासे आणि बार्ब हे तिचे चांगले शेजारी. अंगावर औषध किंवा मीठ घालण्याची घाई करू नये; बहुतेक वेळा बिघाड पाण्यात असतो आणि उपायही पाण्यातच असतो.

एवढे सारे केल्यावरही काचपेटीकडे पाहणाऱ्याने नदीला विसरू नये. गोदावरीवर धवळेश्वर येथे आर्थर कॉटन यांनी १८५२ साली बंधारा पुरा केला. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ साली उभा राहिला. या बांधांनी शेतांना पाणी दिले, याविषयी शंका नाही. परंतु समुद्राकडून वर चढणाऱ्या इवल्या अहिराला आणि समुद्राकडे उतरणाऱ्या प्रौढ अहिराला प्रत्येक बांध हा एक बंद दरवाजा असतो. जगातील निसर्गरक्षकांच्या यादीत आपला अहीर संकटाच्या उंबरठ्यावरील प्राण्यांत गणला गेला आहे. युरोपचा ईल तर अतिसंकटग्रस्त ठरला आहे. जपानी संशोधकांनी २०१० साली आपल्याकडील ईलचे संपूर्ण जीवनचक्र टाकीत पुरे करून दाखविले, पण त्यासाठी संप्रेरकांची टोचणी आणि प्रयोगशाळेचा अपार खटाटोप लागला. नदी हे काम काहीच न मागता करीत आली होती.

रोमन धनिकाने तळे बांधले, विद्वानाने टाकी बांधली, स्वीडनच्या मुलाने विहीर निवडली, आणि आजचा गृहस्थ काचेची पेटी विकत घेतो. यांतल्या प्रत्येकाला माशाने एकच गोष्ट शिकविली: प्राणी पाळणे म्हणजे त्याला आपल्या घरात आणणे नव्हे, तर त्याच्या घराची ओळख करून घेणे. लोधीखेड्याच्या एखाद्या घरात रात्री दिवा मालवल्यावर वाळूतून लहानशी वाम नाक बाहेर काढील, तेव्हा ते पाहणाऱ्या मुलाला कोणीतरी हेही सांगावे की, गावाजवळच्या नदीने अजून एक मोठा भाऊ सांभाळावयाचा आहे. त्याच्यासाठी पेटी नको. त्याला समुद्रापर्यंतची वाट हवी.